विद्यार्थ्यांना ग्रंथालयात शोध घ्यायला शिकवताना: नव्या ग्रंथपालांसाठी आणि प्राध्यापकांसाठी

प्रवेश संपले की बहुतेक महाविद्यालयांत 'ग्रंथालय परिचय' नावाचा एक तास होतो. शे-दीडशे मुले सभागृहात बसतात, पडद्यावर नियम दिसतात: पुस्तके किती मिळतील, दंड किती, ओळखपत्र कुठे दाखवायचे. त्यानंतर ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची), एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके देणारी सेवा) आणि शोधगंगा (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) ही नावे पाच मिनिटांत उरकली जातात. या तासातले फारसे काही टिकत नाही, कारण त्या दिवशी कोणाच्याही मनात शोधण्यासारखा प्रश्न नसतो. नियम सांगायला हा तास ठेवा, पण शोध घेण्याचे शिक्षण त्यात कोंबू नका. ते वेगळे आहे आणि त्याची वेळही वेगळी आहे.

वेळ नेमकी साधा

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. प्रकल्पाचा विषय हातात पडल्यापासून पहिल्या दहा दिवसांत आपला पहिला तास व्हायला हवा. त्याआधी घेतला तर प्रश्न नसतो. फार उशिरा घेतला तर मुलांनी मिळेल ते डाउनलोड करून लिहायला सुरुवात केलेली असते आणि नवे शोधायची तयारी संपलेली असते.

त्यासाठी विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांशी आधी बोला. प्रकल्पाचे सूचनापत्रक मागून घ्या आणि त्यात तीन बदल सुचवा. विषय शीर्षकाऐवजी प्रश्नाच्या रूपात लिहायचा. स्रोतांचे प्रकार ठरवून द्यायचे, उदाहरणार्थ किमान दोन पुस्तके, दोन संशोधनलेख, एक शासकीय दस्तऐवज आणि एक बातमी किंवा मुलाखत. तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा: शोध कसा घेतला याची नोंद प्रकल्पासोबत जोडायची आणि तिला गुण असायचे. शंभरपैकी वीस गुण ठेवले तरी मुले ती मनापासून लिहितात. गुण नसतील तर शेवटच्या रात्री आठवणीतून भरतात.

या नोंदीला आपण शोधवही म्हणू. बाकी सगळे शिक्षण तिच्याभोवती रचायचे.

तासाआधीची तयारी

वीस ते चोवीस जणांची बॅच, दोघांत एक संगणक, नव्वद मिनिटांचे दोन तास आणि मध्ये एक आठवडा. साठ जणांच्या वर्गाला एकदम शिकवले तर मागच्या रांगेत काय चालले आहे ते कळत नाही, आणि शोधातल्या चुका नेमक्या पडद्यावरच दिसतात.

आदल्या दिवशी त्याच संगणकांवर बसून सगळे एकदा करून पाहा. एन-लिस्टची विद्यार्थ्यांची खाती चालू आहेत का? ती महाविद्यालयाकडून उघडावी लागतात आणि बंद पडलेल्या खात्यांमुळे पहिली वीस मिनिटे हमखास जातात. मराठी कळफलक बसवलेला आहे का? इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक येणारी मुले थोडीच असतात, म्हणून उच्चारानुसार टाइप करता येणारा कळफलकही ठेवा. काही मुले मोबाइलवर बोलून शब्द उमटवतील आणि तो संगणकावर पाठवतील. चालू द्या.

शोधवहीचा छापील कागद प्रत्येकाला द्या. त्यात सहा रकाने: तारीख, कुठे शोधले, नेमके कोणते शब्द टाइप केले, किती निकाल आले, त्यातले किती कामाचे, आणि पुढच्या वेळी काय बदलले. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो. तो रिकामा असेल तर विद्यार्थ्याने एकदाच शोधले आणि जे आले ते घेतले, असे समजा.

शिकवण्यासाठी एकच उदाहरण घ्या आणि दोन्ही तासांत तेच ठेवा. इथे आपण 'ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण' हा विषय घेऊ. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हंगाम संपल्यावर परततात. शाळेचे वर्ष मध्येच तुटते. मराठी मुलांना हा विषय ओळखीचा वाटतो आणि स्रोतांचे सगळे प्रकार त्यात सापडतात.

पहिला तास: प्रश्न आणि शब्द

पहिली वीस मिनिटे संगणक बंद ठेवा. 'ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण' हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. कोणती मुले, कोणता काळ, शिक्षणातले नेमके काय, हे विचारत जा. दहा मिनिटांत वर्ग असा एखादा प्रश्न मांडतो: 'आईवडील हंगामात स्थलांतर करतात तेव्हा गावातच राहणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या उपस्थितीवर काय परिणाम होतो?' प्रश्न अरुंद झाला म्हणून मुले घाबरतात, 'एवढ्यावर माहिती मिळेल का' असे विचारतात. अरुंद प्रश्नाला शब्द नेमके मिळतात आणि नेमक्या शब्दांना निकाल कमी पण कामाचे येतात, हे त्यांना अर्ध्या तासात दिसेल. आधी समजावत बसू नका.

मग फळ्यावर तीन उभे रकाने आखा: कोण, काय, कुठे-केव्हा. प्रत्येक रकान्यात समानार्थी शब्द भरा. 'ऊसतोड कामगार' याच्याखाली ऊसतोडणी मजूर, हंगामी स्थलांतरित, कोयता, टोळी. 'शिक्षण' याच्याखाली शाळागळती, उपस्थिती, साखरशाळा, हंगामी वसतिगृह. इंग्रजी शब्दही तिथेच लिहा: शुगरकेन कटर्स, सीझनल मायग्रेशन, ड्रॉपआउट. एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडायचे, रकाने एकमेकांना 'अँड'ने. हा नियम फळ्यावर दिसला की लगेच कळतो. नुसता सांगितला तर मुले नेमके उलटे करतात.

मराठीत शोधताना होणाऱ्या चुका

ग्रंथालयशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत हा भाग नसतो, म्हणून त्यावर जास्त वेळ द्या. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की शब्दाचे रूप बदलते. 'ऊस' शोधणाऱ्याला 'उसाचे अर्थकारण' हे शीर्षक सापडेलच असे नाही, कारण तिथे 'ऊस' ही अक्षरेच नाहीत. कापूस आणि कापसाचा, पाऊस आणि पावसाचा, शेतकरी आणि शेतकऱ्यांचे, शाळा आणि शाळेत: सगळीकडे हीच अडचण. म्हणून मूळ शब्द आणि त्याचे सामान्यरूप दोन्ही शोधायचे. तुमच्या ओपॅकमध्ये शब्दाच्या शेवटी तारांकन (*) चालत असेल तर 'उसा' आणि तारांकन असे टाइप केले की उसाचा, उसाला, उसावर सगळे येते. प्रत्येक प्रणालीत ते चालत नाही, त्यामुळे आधी स्वतः करून बघा.

शब्द जोडून लिहायचा की तोडून, हाही प्रश्न आहे. ऊसतोड, ऊस तोड, ऊसतोडणी, ऊस तोडणी: चारही रूपे छापलेली आढळतात, शिवाय ऱ्हस्व 'उ' असलेले 'उसतोड'ही. शोधवहीत चारही वेगवेगळ्या ओळींवर लिहून प्रत्येकाचे निकाल मोजायला सांगा. आकड्यांतला फरक पाहून मुले स्वतःच नवी रूपे सुचवू लागतात.

तिसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातला ऱ्य संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर जवळपास सारखाच दिसतो, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चेही तसेच. नोंद करणाऱ्याने एका पद्धतीने आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टाइप केले की निकाल शून्य. उपाय साधा आहे: असे अक्षर टाळून शोधा. 'शेतकऱ्यांचे' ऐवजी 'शेतक' आणि तारांकन, किंवा शीर्षकातला दुसरा एखादा सोपा शब्द. शून्य निकाल म्हणजे 'पुस्तक नाही' असा अर्थ विद्यार्थ्याने लगेच काढू नये, हे इथे ठसवा.

चौथी गोष्ट रोमन लिपीतील नोंदींची. अनेक महाविद्यालयांत जुन्या मराठी पुस्तकांची नोंद रोमन अक्षरांत झालेली आहे, आणि लिहिणारा प्रत्येक जण आपल्या कानाप्रमाणे लिहितो. एकच 'शेतकरी' दोन-तीन स्पेलिंगांनी नोंदलेला असतो. तुमच्या ग्रंथालयात असे असेल तर ते लपवू नका, नोंद कोणत्या पद्धतीने केली आहे ते एका पानावर छापून संगणकाशेजारी चिकटवा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये तयार झालेल्या पीडीएफमध्येही युनिकोड, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीने टाइप केलेला, शब्द सापडत नाही. तिथे अनुक्रमणिका वाचूनच पान गाठावे लागते.

कपाटापाशी

पहिल्या तासाची शेवटची वीस मिनिटे मुलांना रॅकपाशी न्या. ड्युई वर्गीकरणात, म्हणजे विषयानुसार क्रमांक देऊन पुस्तके लावण्याच्या पद्धतीत, आपला विषय एका जागी सापडत नाही: स्थलांतर ३०४.८ मध्ये, कामगार ३३१ मध्ये, विशिष्ट गटांतील विद्यार्थी ३७१.८२ मध्ये, ऊस हे पीक ६३३.६१ मध्ये आणि या जगण्यावरचे मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. प्रत्येक जोडीला एक क्रमांक द्या आणि त्या कपाटातून कामाचे एक पुस्तक आणायला सांगा. पुस्तके टेबलावर शेजारी शेजारी आली की एका प्रश्नाला किती बाजू असतात ते सांगावे लागत नाही.

इथली नेहमीची चूक दशांशाची. ३३१.१२ हे ३३१.२ च्या आधी येते, पण मुले बारा मोठे म्हणून पुढे शोधत जातात आणि पुस्तक जागेवर नाही म्हणून परततात. दुसरी चूक दाखलांक (प्रत ग्रंथालयात दाखल करताना दिलेला क्रमांक) आणि वर्गांक (विषयानुसार जागा दाखवणारा क्रमांक) यांतली. ओपॅकवरून दाखलांक लिहून आणला तर कपाटात काहीच सापडणार नाही. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर वर्गांक असतो, तो लिहून घ्यायचा.

पुस्तक हातात आले की आधी पाठचे संदर्भ आणि सूची उघडायची. एका चांगल्या पुस्तकाच्या संदर्भयादीतून पुढचे पाच स्रोत मिळतात, आणि ते कोणत्याही शोधयंत्रापेक्षा नेमके असतात. जुन्या मराठी पुस्तकांवर कधी कधी फक्त शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, शकवर्षाच्या शेवटच्या जानेवारी ते मार्चच्या भागासाठी ७९. शके १८३० म्हणजे १९०८-०९. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे वेगळे असतात, हेही सांगा. हातातल्या प्रतीचे वर्ष आणि पहिल्या आवृत्तीचे वर्ष दोन्ही टिपून ठेवायचे.

दुसरा तास: लेख, प्रबंध, शासन निर्णय

दुसऱ्या तासाला सुरुवात शोधवहीने करा. आठवडाभरात काय सापडले आणि कुठे अडकले ते दोघा-तिघांना वाचायला सांगा. अडलेल्या जागेवरूनच पुढचे शिकवता येते.

एन-लिस्टबाबत एकच गोष्ट घोकून घ्या: प्रकाशकाच्या संकेतस्थळावर थेट गेले तर लेखाचे पैसे मागितले जातात. आधी एन-लिस्टवर आपल्या खात्याने आत जायचे आणि तिथल्या दुव्यावरून प्रकाशकाकडे. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सुरू झाली. तिच्यात केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके मिळतात. आपली संस्था त्यात आहे का, हे विद्यार्थ्यांना सांगण्याआधी खात्री करून घ्या.

गूगल स्कॉलर सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यातला 'साइटेड बाय' हा दुवा फार थोडे वापरतात. दहा वर्षांपूर्वीचा एक चांगला लेख सापडला की त्या दुव्यावरून नंतरचे लेख मिळतात. संदर्भयादी मागे नेते, हा दुवा पुढे. दोन्ही दिशांनी एक-एक पाऊल टाकायला लावा आणि शोधवहीत लिहायला सांगा.

शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांतले लाखो प्रबंध आहेत. प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये ठेवलेला असतो, म्हणून पूर्ण प्रबंध डाउनलोड करायची गरज नाही. आधी संदर्भग्रंथांची फाइल उघडा, मग पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण. प्रबंध वाचण्यापेक्षा त्याने कोणते मार्ग धरले ते पाहणे पदवीच्या विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडते. मराठी प्रबंधासाठी शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये असे दोनदा शोधा.

शासकीय दस्तऐवजांकडे मुले वळतच नाहीत, आणि आपल्या उदाहरणात खरा मसाला तिथेच आहे. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभाग, दिनांक आणि शब्द यांनुसार शोधता येतात. प्रत्येक निर्णयाला संकेतांक असतो. तो टिपला की पुढे कोणीही तोच निर्णय पुन्हा काढू शकतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. तिचा निर्णय शोधायला सांगा, कोणत्या विभागाने काढला ते विचारा. विभाग चुकला तर शोध चुकतो, कारण मुले शालेय शिक्षण विभागात शोधतात. सामाजिक न्याय विभागही पाहायचा असतो हे मग लक्षात राहते. राज्याची 'आर्थिक पाहणी' दर वर्षी निघते, आणि त्यातल्या प्रत्येक तक्त्याखाली आकडे कुठून घेतले तेही दिलेले असते. तिथून मूळ स्रोताकडे जायचे.

आपल्या ग्रंथालयात नसेल तर बाहेर पाठवा. पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय आर्थिक आणि शासकीय अहवालांसाठी, मुंबईत १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मराठी पुस्तकांसाठी. ओळखपत्र, प्राचार्यांचे शिफारसपत्र आणि नेमकी यादी घेऊन जायचे. 'ऊसतोडीवर काही आहे का' असे विचारणाऱ्याला मदत करणे तिथल्या माणसांनाही अवघड जाते.

पारख

विश्वासार्हता तपासायची यादी हातात दिली की मुले तिच्यावर खुणा करून मोकळी होतात. त्याऐवजी एक आकडा घ्या आणि वर्गात तपासा. महाराष्ट्रात ऊसतोड कामगार किती? बातम्यांत, लेखांत, भाषणांत वेगवेगळे आकडे सापडतात आणि त्यांत कित्येक लाखांचा फरक असतो. प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायला लावा: कोणी मोजले, कधी, आणि काय मोजले? तिसऱ्या प्रश्नावर थांबा. या कामात 'एक कोयता' म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. कोयते मोजून त्यालाच कामगारांची संख्या म्हटले तर संख्या निम्मी होते, आणि आईबापांबरोबर फडात राबणारी मुले कोणत्याच मोजणीत येत नाहीत. हे समजलेला विद्यार्थी पुढे कोणताही आकडा डोळे झाकून उतरवणार नाही.

अनोळखी संकेतस्थळ तपासताना त्याच पानावर रेंगाळू नका. 'आमच्याविषयी' वाचून काही कळत नाही, सगळेच स्वतःला चांगले म्हणतात. नवा टॅब उघडा, त्या संस्थेचे नाव शोधा, इतर तिच्याविषयी काय लिहितात ते दोन मिनिटे पाहा आणि मग परत या.

नियतकालिकांबाबत एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: मुखपृष्ठावर आयएसएसएन आहे म्हणजे नियतकालिक दर्जेदार. तो आठ अंकांचा क्रमांक फक्त ओळख देतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'यूजीसीमान्य' असा शिक्का दिसला तर अधिकच सावध राहा. संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या विषयात काम करतात का, लेख छापायला किती दिवस लागले, आणि तीन दिवसांत स्वीकृतीची हमी देऊन पैसे मागितले आहेत का, हे पाहा.

नोंदी, उचलेगिरी आणि यंत्राने लिहिलेले संदर्भ

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत. अवतरणचिन्हांत नीट संदर्भ देऊन घेतलेला मजकूर, संदर्भयादी आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळले जाते. हे सांगाच, पण टक्क्यांवर फार बोलू नका. टक्केवारीची भीती घातली की मुले शब्द बदलून तेच वाक्य लिहितात. दुसऱ्याचा विचार संदर्भ न देता घेतला तर ती उचलेगिरीच, मग टक्केवारी शून्य का असेना. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून आपला म्हणून देणेही त्यातच येते, आणि मराठी विद्यार्थ्यांत हा प्रकार सगळ्यात जास्त घडतो, कारण तपासणीचे सॉफ्टवेअर तो सहसा पकडत नाही.

उपाय टिपणाच्या वेळीच करायचा. टिपण काढताना पुस्तक बंद करून आपल्या शब्दांत लिहायचे, शेवटी पान क्रमांक. जसेच्या तसे घेतलेले वाक्य लगेच अवतरणचिन्हांत. झोटेरो हे संदर्भ साठवण्याचे मोफत सॉफ्टवेअर देवनागरीतल्या नोंदी नीट सांभाळते, पण आपोआप घेतलेल्या नोंदीत लेखकाचे नाव आणि आडनाव उलटसुलट होते. प्रत्येक नोंद हाताने तपासायला लावा.

चॅटबॉटला संदर्भ विचारले की तो कधी कधी खऱ्या लेखकाच्या नावावर अस्तित्वात नसलेला लेख देतो. नाव, वर्ष, नियतकालिक सगळे खरे वाटते. वर्गातच एक यादी मागवा आणि तपासा: डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) टाकून उघडतो का, शीर्षक अवतरणचिन्हांत शोधले तर सापडते का, त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत तो लेख आहे का. तिन्ही ठिकाणी नसेल तर तो लेख नाही. जो स्रोत स्वतः उघडून पाहिला नाही तो संदर्भयादीत येणार नाही, हा नियम प्रकल्पाच्या सूचनापत्रकावर छापून द्या. शोधयंत्राला नवे शोधशब्द सुचवायला चॅटबॉट वापरला तर हरकत नाही, शोधवहीत तसे लिहायचे.

तपासणी

वीस गुणांची विभागणी अशी करता येते: प्रश्न चार, शोधवही आठ, स्रोत का निवडले याची दोन-दोन ओळींची कारणे पाच, नोंदींची अचूकता तीन. शोधवही तपासताना किती ठिकाणी शोधले यापेक्षा शब्द कसे बदलत गेले ते पाहा. पाच ठिकाणी एकच शब्द टाकणाऱ्याला कमी, एका ठिकाणी पाच वेळा शब्द सुधारणाऱ्याला जास्त. संदर्भयादीतले दोन स्रोत निवडून स्वतः शोधा. सापडले नाहीत तर विद्यार्थ्याला बोलावून समोर शोधायला सांगा, थेट गुण कापू नका. बहुतेकदा पत्ता अर्धवट लिहिलेला असतो.

सादरीकरणाच्या आधीच्या आठवड्यात रोज एक तास संदर्भ टेबलावर बसा आणि ती वेळ सूचनाफलकावर लावा. येणाऱ्याकडून आधी शोधवही मागा, मग प्रश्न ऐका. वर्ष संपल्यावर नाव झाकून काही चांगल्या शोधवह्या पुढच्या बॅचसाठी ठेवा. त्यांत एक तरी अशी निवडा, जिच्यात विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या ओळीवर आपला प्रश्न चुकीचा वाटला, त्याने तो बदलला आणि का बदलला ते शेवटच्या रकान्यात लिहिले.